खाट एक, नाव एक

"तुमच्या नावावर एक रुपयाही कापलेला नाही," मी म्हणालो, "कारण तुमच्या नावावर एक रुपयाही मिळालेला नाही."

समोरच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाली, "मशीन नीट बघा की ओ, भाऊ. तीन वर्षं मी काय झोपा काढल्या?"

मिरजेतल्या एका शाळेच्या चौथीच्या वर्गात आम्ही बसलो होतो. जुलै २०१२, पहिला रविवार. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या सीए आठल्ये मॅडम दर जुलैमध्ये रविवारी तिथं मोफत शिबिर घ्यायच्या. कमी पगाराच्या लोकांचा जो कर कापला जातो, तो बहुतेकांच्या बाबतीत परत मिळणारा असतो. पण रिटर्न भरल्याशिवाय तो मिळत नाही आणि रिटर्न भरून द्यायचे पाचशे रुपये द्यायला लोक तयार नसतात. त्यातले बरेचजण कापला गेला तो गेला असंच धरून चालतात. आम्ही रिटर्न फुकट भरून द्यायचो. मी चोवीस वर्षांचा होतो, सीएच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो, पण टीडीएसचे नियम मला मॅडमपेक्षा जास्त पाठ होते आणि हे मला माहीत होतं.

बाईंचं नाव हसीना शिकलगार. वय चाळिशीच्या आसपास. आजारी माणसांची शुश्रूषा करायला घरोघर जाणाऱ्या बायकांपैकी एक. अशा बायका बिरनाळे नावाच्या गृहस्थांच्या एजन्सीतून जात. बिरनाळे त्यांना नोकर न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवायचे, म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या रांगेत बसवायचे, आणि दहा टक्के कर कापायचे. त्या सकाळी अशा अकरा बायका येऊन गेल्या होत्या. अकराही जणींचे पैसे परत मिळणार होते. हसीनाकडे मात्र पॅन कार्डच नव्हतं. होती ती एजन्सीच्या पावत्यांची झेरॉक्स, आणि प्रत्येक पावतीवर नाव होतं शेवंता मारुती आवळे.

"ही कोण?"

"अक्का. माझी जोडीदारीण."

मग तिनं पद्धत सांगितली. रुग्णाच्या एका खाटेला दोन बायका लागतात, सकाळी आठ ते रात्री आठ एक आणि रात्री आठ ते सकाळी आठ दुसरी. एजन्सी मात्र पैसे खाटेवर देते. बिरनाळेंनी पॅन कार्ड मागितलं तेव्हा प्रत्येक जोडीनं एकीचंच दिलं. दोघींनी कशाला खर्च करायचा, खाट एक तर नाव एक. पैसे शेवंताच्या खात्यात जमा व्हायचे, ती त्याच दिवशी निम्मे हसीनाला आणून द्यायची. तीन वर्षांत एकदाही दुसरा दिवस उजाडला नाही, हेही हसीनानंच सांगितलं.

मी शेवंताचं नाव आमच्या यादीत शोधलं. ती आदल्या दिवशी ऑफिसात येऊन कागद देऊन गेली होती. वर्षाची जमा एक लाख अडुसष्ट हजार, कापलेला कर सोळा हजार आठशे. सगळा परत मिळण्याजोगा.

"मग निम्मा माझा," हसीना म्हणाली.

"शेवंताबाईंकडून घ्या की. त्या देतीलच."

मग तिनं जे सांगितलं त्याचा सारांश असा, की मार्चपासून शेवंता तिच्याशी बोलत नव्हती. त्यांचा पेशंट, दांडेकर आजोबा, मार्चमध्ये वारले. त्यानंतर अक्कानं तिच्याबरोबर नवी खाट घेतली नाही, फोन उचलला नाही, दारात गेली तर घरात नाही म्हणून नातवाकडून निरोप दिला. कारण हसीनाला माहीत नव्हतं. तिचा अंदाज होता की हे कापलेले पैसे परत मिळतात हे अक्काला आधीच कळलं असणार.

हसीनाला ते पैसे कशासाठी हवे होते, तेही तिनं न विचारता सांगितलं. ती भावाकडे राहायची. भावाच्या मुलाचं लग्न नोव्हेंबरात होतं आणि ती झोपायची तो भाग नव्या जोडप्याला लागणार होता. भाऊ वाईट नव्हता, फक्त तारीख सांगून मोकळा झाला होता. मंगळवार पेठेत एक खोली तिनं पाहून ठेवली होती. मालकीण म्हणाली होती, डिपॉझिट नंतर दे, पण तू कमावतेस असा एक तरी कागद दाखव. एकट्या बाईला मी तोंडी खोली देत नाही. असा एकही कागद हसीनाकडे नव्हता. तीन वर्षं ती कुठंच नव्हती.

इथं मला माझा नियम आठवला. कर एकाच्या नावावर कापला गेला आणि उत्पन्न खरं तर दुसऱ्याचं असलं, तर पहिल्यानं कापणाऱ्याकडे तसं लेखी घोषणापत्र द्यायचं. मग कापणारा दुसऱ्याच्या नावावर तेवढी जमा दाखवतो आणि त्याच्या नावाचं प्रमाणपत्र देतो. हा नियम फार थोड्यांना माहीत असतो. मी तो हसीनाला सांगितला तेव्हा माझा आवाज थोडा चढला असावा, कारण पलीकडच्या बाकावरून आठल्ये मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे अक्कानं लिहून द्यायचं, की निम्मं काम हसीनाचं?"

"हो. आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र निघेल. तेच मालकिणीला दाखवा."

"मग नीट लिहा," ती म्हणाली. "दिवस अक्काचा, रात्र माझी. तसंच लिहा. दिवसाची बाई सगळ्यांना दिसते. डॉक्टर येतो, पाहुणे येतात, शेजारीण वाटीभर आमटी घेऊन येते, सगळे मावशी मावशी करतात. रात्रीची कुणाला दिसती? दांडेकर आजोबांचा मुलगा बेंगळुरात. त्यानं चोवीस तासांची बाई म्हणून पैसे भरले. दोन बायका आहेत हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं."

मला ते पटलं. मी घोषणापत्राचा मसुदा केला आणि त्यात स्वच्छ लिहिलं: एक एप्रिल ते एकतीस मार्च या वर्षातलं दिवसपाळीचं सर्व काम मी आणि रात्रपाळीचं सर्व काम श्रीमती हसीना शिकलगार यांनी केलं. हसीनाचा पॅनचा अर्ज भरून घेतला. नंबर यायला दोनेक आठवडे लागणार होते. तिनं मसुदा स्वतः वाचला, सातवीपर्यंत मराठी शाळेत होती, आणि रात्रपाळी या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे बरोबर."

पुढच्या रविवारी शेवंता आवळे आली. पन्नाशीची, उंच, काठापदराचं इस्त्रीचं पातळ, हातात कापडी पिशवी. चौथीच्या मुलांच्या बाकावर तिचे गुडघे मावेनात, म्हणून ती आडवी बसली. मी मसुदा वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. निम्मे पैसे हसीनाचे यावर तिनं लगेच मान डोलावली. तिचेच आहेत, म्हणाली, आपण वेगळं कधी म्हटलंच नाही. मला वाटलं, काम झालं.

"सही इथं करा."

"ते रात्रीचं काढा, साहेब. मग करते."

"का? खोटं आहे का ते?"

"खोटं न्हाई."

"मग काढायचं कारण?"

तिनं कारण सांगितलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, की आपल्या एकटीच्या नावावर सगळं रिटर्न भरा, पैसे आले की हसीनाचे निम्मे तुमच्या टेबलावर आणून ठेवते, तुम्ही द्या. मी सांगितलं की ते चालणार नाही. रिटर्नखाली सही असते, त्यात सगळं उत्पन्न माझं आणि खरं असं लिहिलेलं असतं. ते खोटं आहे हे माहीत असून मी भरणार नाही. शिवाय तसं केलं तर हसीनाच्या नावाचा कागद निघत नाही आणि तिला खोली मिळत नाही. हे सगळं मी तिला दोनदा समजावलं. खोलीचं ऐकल्यावर तिनं विचारलं, कसली खोली? मी भावाचं आणि नोव्हेंबरचं सांगितलं. ती पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिली.

"रात्रीचं ऱ्हाणारच का?"

"खरं आहे तर राहणार."

"मग नको. माझं रिटर्नपण नको." ती उठली. "ऱ्हाऊ द्या सरकारकडं."

त्या वेळी मला तिचा रागच आला. हसीनाचा अंदाज बरोबर होता असं वाटलं. दुपारी डबा खाताना मी मॅडमना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, लोभी बाई आहे.

मॅडमनी पोळीचा तुकडा मोडला. "लोभी बाई स्वतःचे आठ हजार चारशे सोडून गेली?"

मी डबा बाजूला सारला.

"नियम काढ."

मी काढला.

"घोषणापत्रात काय काय लागतं? वाच."

दुसऱ्या व्यक्तीचं नाव, पत्ता, पॅन. कोणत्या रकमेबद्दल. तिच्या नावावर जमा द्यायचं कारण. एवढंच.

"यात दिवस-रात्र कुठं आहे, खोत?"

"कारणात."

"काम दोघींनी निम्मं-निम्मं केलं, हे कारण झालं. पुढचं तू लिहिलंस. कुणी मागितलं नव्हतं."

"हसीनाबाईंनी मागितलं होतं."

"मग आता दोघींनाही बोलव," मॅडम म्हणाल्या आणि लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मी नवा मसुदा केला. रात्रपाळीची ओळ काढली आणि लिहिलं, सदर काम आम्ही दोघींनी मिळून, निम्मं-निम्मं केलं आहे. खाली दोघींच्या सह्यांना जागा सोडली. मलाच तो आधीपेक्षा नीटनेटका वाटला. शेवंताला फोन करून सांगितलं की रात्रीचं काढलंय. ती एवढंच म्हणाली, "येते."

तिसऱ्या रविवारी हसीना आधी आली. तिचा पॅन नंबर आला होता. आलेला कागद तिनं पोरांच्या वहीला घालतात तसल्या प्लॅस्टिकच्या कव्हरात घातला होता. शेवंता आली तेव्हा हसीनानं मान वर केली नाही. दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मी दोघींच्या समोर एकेक प्रत ठेवली. शेवंतानं ती न वाचता पेन उचललं. हसीना वाचत होती.

"माझी रात्र कुठाय?"

मी म्हणालो, नियमात ती लागत नाही. पैसे तेवढेच मिळतील, कागदही मिळेल.

"लागत न्हाई तर आधी लिहिली कशी?" तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "कुणी काढायला लावली?" मग पहिल्यांदाच ती शेवंताकडे वळली. "तू लावलीस. पैसे द्यायला लागले तर द्यायचे, पण हसीना रात्रभर जागली हे कागदावर नको. व्हय ना, अक्का?"

शेवंतानं पेन खाली ठेवलं. "सही कर आणि खोली घे."

"माझ्या खोलीची काळजी तुला कधीपासून?"

"सही कर म्हणते ना."

"करत न्हाई. रात्र लिहिल्याशिवाय करत न्हाई. पैसे गेले तरी चालतील."

मॅडम पलीकडे एका रिक्षावाल्याचं रिटर्न भरत होत्या. त्यांनी त्याला हळू आवाजात बाहेर जाऊन चहा घेऊन यायला सांगितलं. वर्गात आम्ही चौघेच राहिलो.

शेवंता माझ्याशी बोलली, हसीनाशी नाही. तिनं सांगितलं ते असं. अकरा मार्चला पहाटे पाच वाजता हसीनाचा फोन आला की आजोबांचा श्वास थांबलाय. शेवंता तशीच रिक्षा करून गेली. हसीना तीन रात्रींची जागी होती, उभं राहवत नव्हतं. शेवंतानं तिला घरी पाठवलं आणि मग डॉक्टरला बोलावलं. संध्याकाळी मुलगा आला. दोन दिवसांनी त्यानं पोलिसांत अर्ज दिला, वडिलांच्या बोटातली सोन्याची अंगठी नाही. हवालदार बिरनाळेंकडे गेला. वहीत खाटेला एकच नाव होतं. त्यानं शेवंताला चौकीवर बोलावून विचारलं, शेवटच्या रात्री जवळ कोण होतं?

"मी म्हटलं, मीच होते."

ती पुढं म्हणाली, "चारदा बोलावलं. दिवसभर बाकड्यावर बसवायचे आणि संध्याकाळी जा म्हणायचे. अजून अर्ज मिटला न्हाई. आता मी लिहून देऊ, रात्र हिची होती म्हणून? हा कागद बिरनाळेकडं जाणार. हवालदार एकदा हिच्या भावाच्या दारात उभा राहिला, तर भाऊ हिला नोव्हेंबरपर्यंत तरी ठेवेल का?"

मला माझी ओळ आठवली, त्यातल्या स्वच्छ तारखा आठवल्या. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

हसीना एकटक शेवंताकडे बघत होती. तिचा चेहरा मऊ होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"म्हणून फोन उचलत नव्हतीस."

"हवालदार फोन बघायचा."

"म्हणजे तुला वाटलं, अंगठी मी घेतली."

शेवंतानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"तीन वर्षं एका खाटेवर, अक्का."

"मी तसं म्हटलं न्हाई."

"विचारलं पण न्हाईस." हसीनाचा आवाज चढला नव्हता. "बोट सुजलं होतं आजोबांचं. काळं पडायला लागलं होतं. रात्री तीन वाजता दोरा गुंडाळून, साबण लावून काढली मी अंगठी. कवळीच्या डबीत ठेवली, कवळी ते घालतच नव्हते. आठ वाजता तू आलीस की सांगणार होते. पण त्या दिवशी आठ वाजलेच न्हाईत. तू पाचलाच आलीस आणि मला घालवून दिलंस."

रात्रीची बाई सकाळी निघताना दिवसाच्या बाईला सगळं सांगून जाते: किती लघवी झाली, कुठली गोळी संपली, काय कुठं ठेवलं. ड्यूटी देणं म्हणतात त्याला. तीन वर्षांत ते एकदाच चुकलं होतं.

"कवळीची डबी..." शेवंता म्हणाली. "चष्मा, कवळी, ट्रान्झिस्टर. सगळं मीच पिशवीत घालून मुलाला दिलं. उघडून बघितली न्हाई."

"त्याचा नंबर आहे?"

"आहे. पण..."

"लाव."

शेवंतानं पिशवीतून फोन काढला, नंबर शोधला, पण बटण दाबेना. हसीनानं फोन तिच्या हातातून घेतला आणि लावला. उचलल्यावर ती उभी राहिली.

"साहेब, मी हसीना शिकलगार बोलते. मिरजेहून. न्हाई, तुम्ही मला ओळखत न्हाई. तुमच्या वडिलांजवळ रात्रीची मी असायची. चौदा महिने." मग तिनं अंगठीचं सांगितलं, आम्हाला सांगितलं होतं तितक्याच सरळपणे, आणि म्हणाली, "कवळीची डबी जवळ आहे का? मग बघा. मी थांबते."

ती थांबली. फोन कानाला, नजर फळ्यावर, तिथं शनिवारचा सुविचार अर्धा पुसलेला होता. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. शेवंतानं डोळे मिटून घेतले होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तीन-चार मिनिटं असतील.

"हां, बोला," हसीना म्हणाली. मग ऐकत राहिली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. "न्हाई, माझी माफी नको. चौकीवर अक्का बसली होती, शेवंताबाई. तिला फोन करा. आणि उद्याच्या उद्या अर्ज मागं घ्या." फोन तिनं शेवंताच्या मांडीवर ठेवला. "आहे. दोऱ्यासकट."

शेवंतानं पदर तोंडाला लावला. हसीना खाली बसली, पण बाकाच्या त्याच टोकाला.

"मला एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुला लागलं असतं."

"लागलं असतं. आणि मी सांगितलं असतं." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, लिहा आता."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी काहीच खूण केली नाही. हे माझं मला ठरवायचं होतं. मी नवा कागद घेतला आणि शेवंताला विचारलं, लिहू का? तिनं मान डोलावली. मी हातानं लिहिलं, टाईप केलं नाही: दिवसपाळीचं काम मी केलं, रात्रपाळीचं काम हसीना शिकलगार यांनी केलं. शेवंतानं या वेळी अक्षर अन् अक्षर वाचलं आणि सही केली.

बिरनाळेंनी आधी कुरकुर केली. मग मॅडमनी त्यांना फोनवर बाकीच्या खाटांबद्दल दोन प्रश्न विचारले, तेव्हा प्रमाणपत्र आठवड्यात तयार झालं. ते दाखवून हसीनाला खोली मिळाली. डिसेंबरात दोघींच्या खात्यात आठ हजार चारशे रुपये जमा झाले. त्या हिवाळ्यात बिरनाळेंच्या आणखी नऊ जोड्यांचे कागद मी तसेच केले. प्रत्येक वेळी आधी दोघींना समोरासमोर बसवलं आणि विचारलं, नंतर लिहिलं. पुढं सीए झालो, स्वतःचं ऑफिस टाकलं, तरी हा क्रम मोडलेला नाही.

त्या रविवारी मात्र सही झाल्यावरही दोघी उठल्या नाहीत. रिक्षावाला चहा घेऊन आला, मॅडमनी सगळ्यांना दिला. हसीनानं पॅनचा कागद कव्हरात सरळ केला, चहा संपवला आणि समोर बघतच म्हणाली, "ब्राह्मणपुरीत एक आजी आहेत. पक्षाघात. परवापासून खाट आहे."

शेवंतानं चहाचा कप खाली ठेवला.

"दोघींची नावं लावायची. आणि दिवस माझा. रात्र तू घे."

"मला झोप लागती गं रात्रीची."

"लागू दे," हसीना म्हणाली. "तीनला फोन करून उठवते."